गाडी तुमची, कान माझा

“उजवीकडचं बेअरिंग गेलंय,” मी खुर्चीवरून न उठताच सांगितलं.

दस्तगीर नदाफ अजून गाडीतून उतरलेही नव्हते. त्यांनी इंजिन बंद केलं, काचेतून माझ्याकडे बघितलं आणि हसले.

“मिस्त्री, आदी उतरू तरी द्या की.”

“उतरा, चहा घ्या. रोग कळलाय.”

मलकापुरात, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याला लागून माझं गॅरेज होतं. रस्त्यानं जाणारी गाडी नुसती ऐकून महिपती लोहार तिचं दुखणं सांगतो, अशी तेव्हा माझी ख्याती होती, आणि ती खोटी नव्हती. कुणाचा पट्टा सैल झालाय, कुणाचा सायलेन्सर फुटलाय, हे मी पाठमोरा बसून सांगायचो. ‘मिस्त्रीच्या कानात देव बसलाय’ असं एकदा हायस्कुलातले एक मास्तर म्हणाले होते. ते एकदाच म्हणाले. पुढची चार वर्षं मीच ते गावाला ऐकवत होतो.

दस्तगीरभाई कापूस पिंजून गाद्या-उशा करायचे. बाजारपेठेत त्यांचं दुकान होतं. धीम्या स्वभावाचा माणूस. गिऱ्हाईक वसकन अंगावर आलं तरी यांचा आवाज चढायचा नाही. त्यांच्या जुन्या गाडीला पुढच्या बाजूनं दोन आवाज येत होते. खड्ड्यात गेली की खडखड, आणि वेग घेतला की घूंऽऽ अशी घरघर.

“परवा देवरुखाला जायचंय,” चहाची बशी हातात धरून ते म्हणाले. “नसीमला आनायला. आठवा लागलाय तिला.”

नसीम त्यांची एकुलती एक मुलगी. लग्नाला सात वर्षं झाली होती. त्यात दोनदा आशा लागून मोडली होती, आणि दोन्ही वेळा दस्तगीरभाईंनी दुकान आठ-आठ दिवस बंद ठेवलेलं मी पाहिलं होतं. या वेळी सगळं नीट चाललं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून तिला इकडे आणायचं ठरलं होतं.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“जाऊ दे म्हनालेत. पन एक अट घातलीय. गाडीत दनका बसता कामा न्हाई. मागल्या सीटवर टाकायला मी खास गादी भरलीय, साडेचार किलो कापूस घातलाय. वरची सोय मी केली, खालची तुमी करा.”

मध्ये आंबा घाट. त्याची वळणं माहीत असलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही.

मी गाडी चालवून बघायला घेतली. दस्तगीरभाई शेजारी, डावीकडे बसले. खडखड सोपी होती. चाकाला सांभाळणाऱ्या आर्मचं रबरी बुश फाटलं होतं, त्याच्या जोडीची लिंक नावाची दांडीही ढिली होती. घरघर मात्र मी गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर वेग वाढवून नीट ऐकली.

“मला आपलं डावीकडनं येतोय असं वाटतंय,” दस्तगीरभाई म्हणाले.

“भाई, गाडी तुमची, कान माझा.”

ते नुसते हसले.

मी गाडी रस्त्यावर नागमोडी घातली. ही आमची नेहमीची परीक्षा. गाडी उजवीकडे वळवली की तिचा भार डाव्या चाकावर पडतो. तेव्हा घरघर वाढली तर दोष डाव्या चाकात, हे गॅरेजात महिनाभर काढलेल्यालाही ठाऊक असतं. मी गाडी उजवीकडे घातली आणि घरघर वाढली. पण मला ती ऐकू येत होती उजवीकडून, अगदी माझ्या कोपराशी. नियमाचं आणि माझ्या कानाचं पटेना, तेव्हा मी नियमाला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी बुश बदललं, लिंक बदलली, उजव्या चाकाचं जुनं बेअरिंग काढून नवं बसवलं आणि जुनं भंगाराच्या पिंपात टाकलं. डावं चाक जॅकवर उचललंसुद्धा नाही. संध्याकाळी दोघं चक्कर मारून आलो. खडखड पार गेली होती. घरघर राहिली होती.

“हे काय मिस्त्री?”

“टायर झिजून पायऱ्या पडल्यात, त्याची गुणगुण आहे. त्यानं काही होत नाही. डोळे झाकून जा.”

“डोळं झाकून कसं जाऊ, घाट हाय,” ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो.

ते गेले त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला घरातला फोन वाजला. घर गॅरेजच्या मागेच. माझ्या उजव्या हाताच्या बोटाला सकाळी पाना निसटून लागलं होतं, बायकोनं, हौसानं, त्याला चिंधी बांधली होती. म्हणून मी रिसीव्हर डाव्या हातानं उचलला आणि तसाच डाव्या कानाला लावला.

“हॅलो! हॅलो!”

पलीकडे काही नाही. मी आणखी दोनदा ओरडलो, आणि “मेलाय हा फोन” म्हणून ठेवणार तोच हौसानं तो माझ्या हातातून घेतला.

“बोला भाई,” ती म्हणाली. “व्हय, हायेत की हितंच... बरं... बरं, सांगते. सावकाश या.”

तिनं फोन ठेवला. मी तिच्याकडे बघतच राहिलो.

“देवरुखातनं दस्तगीरभाई बोलत हुते, बूथवरनं. पोरीला घिऊन निघाले. म्हनले, गुनगुन जरा वाढलीय, पन मिस्त्री म्हनलेत टायरची हाय, म्हनून निघालो.”

“अगं, फोन तर मेला होता.”

हौसा पदराला हात पुसत उभी राहिली. “फोन न्हाई मेला,” ती हळूच म्हणाली. “त्यो कान गेलाय तुमचा. डावा. दोन वर्सं हुत आली.”

मी चिडलो. चिडणं हे माझं पहिलं उत्तर असायचं. “काहीतरी बोलू नकोस!” मी रिसीव्हर पुन्हा उचलला. उजव्या कानाला लावला, तर फोनचा सूर चांगला ठणठणीत वाजत होता. डाव्याला लावला, तर काहीच नाही. पुन्हा उजव्याला, पुन्हा डाव्याला. असं चार वेळा केलं. 

“मग सांगितलं का नाहीस?”

“कुनाला? ज्याच्या कानात देव बसलाय त्याला?” ती म्हणाली. “सांगितलं असतं तर भरलं ताट भिरकावलं असतंसा. म्हनून मी आपली उजव्या अंगाला बसून वाढते, उजव्या अंगानं चालते. निभावलं दोन वर्सं.”

 एकाच कानानं ऐकणाऱ्या माणसाला प्रत्येक आवाज त्याच कानाच्या बाजूनं आल्यासारखा वाटतो. माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांची दुखणी दोन वर्षं उजवीकडेच निघत होती, आणि हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. इंजिनाच्या आवाजाला डावं-उजवं नसतं, म्हणून नाव टिकून राहिलं होतं. दस्तगीरभाईंचं डावं बेअरिंग गेलेलं होतं, ते गाडीत तसंच होतं, आणि त्या गाडीत नसीम होती.

पुढच्या चाकाचं बेअरिंग पुरतं गेलं की चाक तापतं, डगमगतं, आणि मग एखाद्या वळणावर जागच्या जागी आवळतं नाही तर निखळतं. असं निखळलेलं चाक मी एकदा पाहिलं होतं. ती गाडीही पाहिली होती.

“कुठं चाललाय?” हौसानं विचारलं.

“घाटात. ते खालून घाट चढायच्या आत गाठायला पाहिजे.”

नुसतं बेअरिंग नेऊन भागणार नव्हतं. ते बसवायला दाबयंत्र लागतं, रस्त्यावर ते जमत नाही. पण अपघातात चेपलेल्या एका तशाच गाडीचं डावं नकल मी फळीवर ठेवलं होतं. नकल म्हणजे चाकाला धरून ठेवणारा ओतीव लोखंडाचा जड तुकडा. त्यात हब, म्हणजे चाक ज्यावर आवळतात तो भाग, आणि बेअरिंग बसलेलंच असतं. मी ते हातात घेऊन फिरवलं. गुळगुळीत फिरत होतं. ते, जॅक, पाने आणि हातोडा एका पोत्यात भरले आणि मोटरसायकल बाहेर काढली. बघतो तर हौसा पोतं उचलून मागं बसायच्या तयारीत.

“तू कशाला?”

“डाव्या अंगानं गाडी घुसली तर कोन सांगनार तुमाला? चला.”

आंब्यापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. म्हणजे ती बोलत होती, पण फक्त “डावीकडनं टेंपो” आणि “डावीकडं म्हस हाय” एवढंच, माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून. घाट उतरायला लागलो तसा मी प्रत्येक वळणाला दरीत डोकावत होतो. देवाचं नाव मी सहसा घेत नाही. त्या दिवशी ज्योतिबाचं घेतलं आणि दस्तगीरभाईंच्या पीराचंही घेतलं.

घाट निम्मा उतरलो असू. खालच्या वळणावरून त्यांची गाडी वर येताना दिसली, अगदी सावकाश. मी मोटरसायकल बाजूला टाकली आणि रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

दस्तगीरभाईंनी गाडी थांबवली. “मिस्त्री? तुमी हितं? काय झालं? घरी बरं हाय न्हवं?”

“खाली उतरा. आधी नसीमला उतरवा.”

ती उतरली. चेहरा ओढलेला, पण हसत होती. हौसानं मागच्या सीटवरची गादी कठड्याजवळ सावलीत अंथरली आणि तिला धरून बसवलं. मी गाडीच्या मागच्या चाकांना दगड लावले आणि डाव्या चाकाजवळ गेलो. जळलेल्या ग्रीसचा वास येत होता. चाकाच्या मध्यभागी हात नेला, तर टेकवता येईना इतकं तापलं होतं. जॅक लावून चाक उचललं, वरखाली धरून हलवलं. पडायला आलेल्या दातासारखं ते हाताबरोबर हललं.

दस्तगीरभाई माझ्या मागे उभे होते. त्यांनीही ते पाहिलं. ते एकदा वरच्या वळणांकडे बघून आले आणि मग लेकीकडे बघत राहिले.

मी कामाला लागलो. चाक काढलं, ब्रेक बाजूला बांधला, मधला मोठा नट लांब दांडा लावून सोडवला. बोटाची चिंधी कधी गळून पडली कळलं नाही. दस्तगीरभाई गळ्यातला लाल रुमाल हलवून ट्रकवाल्यांना हळू जायला सांगत होते. एकदा नट अडकला आणि मी हातोडा जरा जोरात घातला, तेव्हा कठड्याजवळून नसीमचा आवाज आला.

“काका, दमानं घ्या. मला घाई न्हाई. आन् ह्याला बी न्हाई,” तिनं पोटावर हात ठेवला.

मला तोंड वर करून तिच्याकडे बघवेना.

जुनं नकल निघालं. मी ते दस्तगीरभाईंच्या हातात दिलं आणि हब फिरवायला सांगितलं. त्यांनी फिरवलं. आत खडे भरल्यासारखं ते खरखरत होतं.

“भाई,” मी म्हणालो, “तुम्हाला एक सांगायचं आहे. काल मी उजवं बेअरिंग काढलं ना, ते चांगलं होतं. हातात घेऊन फिरवून बघितलं होतं मी. लोण्यासारखं फिरत होतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलंच होतं. तुम्ही बघाल म्हणून मी ते पिंपात टाकलं, आणि टायरचं नाव सांगितलं.”

ट्रक गेला, त्याची धूळ खाली बसली. दस्तगीरभाई अजून ते हब फिरवत होते.

“दुपारी देवरुखातनं निघताना माझा पाय उचलंना,” ते शेवटी म्हणाले. “आवाज डावीकडनं येतोय हे मला सपष्ट ऐकू येत हुतं. पन म्हटलं, मिस्त्रीनं सांगितलंय. मग माझाच कान चुकीचा असनार.”

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला मला उत्तर देता येतं. 

“माझा डावा कान गेलाय,” मी म्हणालो. “आजच कळलं.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग रुमाल माझ्या हातात दिला. “तोंड पुसा. घाम डोळ्यात चाललाय. आन् बसवा ते.”

तो सगळाच घाम नव्हता.

आणलेलं नकल बसवायला तासभर गेला. प्रत्येक नट दोनदा आवळला. मग चाक हवेत असतानाच मी एका हाताचा पंजा वरच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं चाक गरकन फिरवलं. बेअरिंगमध्ये दोष असेल तर स्प्रिंग हाताखाली थरथरते. ही रीत मला माझ्या उस्तादांनी शिकवली होती, आणि कान तेज आहे म्हणून मी ती वीस वर्षांत वापरली नव्हती. हाताखाली काही थरथरलं नाही. तरीही मी दस्तगीरभाईंना जवळ बोलावलं.

“तुम्ही ऐका. मी फिरवतो.”

गाडीच्या बाबतीत दुसऱ्याला ‘तुम्ही ऐका’ असं मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हणालो. त्यांनी डोळे मिटले, कान चाकाजवळ नेला आणि बराच वेळ ऐकलं.

“न्हाई. गप हाय,” ते म्हणाले.

हौसाला मी गाडीत नसीमजवळ बसवलं. “जरा जरी घरघर आली तरी खिडकीतून हात बाहेर काढ,” असं बजावलं आणि मोटरसायकलवरून मागे निघालो. अख्खा घाट माझे डोळे त्या डाव्या चाकावर होते. एक वळण गेलं, दुसरं गेलं. उजवीकडचं वळण आलं की मी श्वास धरायचो. हात काही बाहेर आला नाही. घाटमाथा दिसला तेव्हा कुठे माझे खांदे खाली आले.

आणि तेवढ्यात हौसाचा हात खिडकीतून बाहेर आला.

 हॉर्न वाजवत मी मोटरसायकल गाडीच्या बरोबरीला नेली. हातात डिंकाचा लाडू होता.

“नसीमच्या सासूनं दिल्यात!” हौसा ओरडली. “सकाळपासनं पोटात काय न्हाई तुमच्या!”

मी तिच्यावर जे खेकसलो ते इथं लिहिण्याजोगं नाही. गाडीत नसीम खो खो हसत होती, दस्तगीरभाईसुद्धा हसत होते. मग मलाही हसू फुटलं. एका हातानं हँडल धरून मी तो लाडू खाल्ला. तसा लाडू मी पुन्हा खाल्ला नाही. त्या वेळी पोटात असलेली नसीमची मुलगी आता कॉलेजात जाते, तरी तो लाडू आठवला की मला अजून हसू येतं आणि पाठोपाठ घाम फुटतो.

मलकापुरात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दस्तगीरभाईंच्या दारात त्यांच्या बायको, हमीदाभाभी, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी तुकडा नसीमवरून ओवाळून टाकला, तिच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि तिला पोटाशी धरून कितीतरी वेळ सोडलंच नाही. घाटात काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी दस्तगीरभाईंकडे बघितलं. ते गाडीतली गादी काढण्यात गुंतले होते. ते काही सांगणार नव्हते.

भाभींनी डोळे पुसले आणि त्या माझ्याकडे वळल्या. आजूबाजूचे पाचसहा लोक जमलेच होते. “मिस्त्री, तुमचं उपकार कसं फेडू? तुमी गाडी नीट केलीसा म्हनून माझी पोर सुखरूप आली.”

‘असू दे भाभी’ म्हणून निघून जाता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

“नाही भाभी,” मी सगळ्यांसमोर म्हणालो. “मी गाडी नीट केली नव्हती. चूक केली होती आणि ती लपवली होती. माझा डावा कान गेलाय. ज्या चाकाला दुखणं होतं ते सोडून मी दुसरंच बदललं. दस्तगीरभाईंनी मला डावीकडे सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आज जे झालं नाही ते तुमच्या नशिबानं झालं नाही.”

 हौसा माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. भाभींचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी नसीमकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि मग माझ्या डाव्या बाजूला उभ्या राहून त्या काहीतरी बोलल्या. ओठ हललेले मला दिसले.

“ऐकू नाही आलं, भाभी,” मी म्हणालो. हे वाक्यसुद्धा मी पहिल्यांदाच म्हणत होतो.

भाभी माझ्यासमोरून चालत उजवीकडे आल्या. हातातल्या तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी माझ्या काळ्या, रक्ताळलेल्या हातांवर ओतलं.

“म्हटलं, आदी हात धुवा,” त्या म्हणाल्या. “आन् दोगंबी जेवून जायचं.”